रहिमतपूरमार्गे सांगली

केरबा ड्रायव्हर आणि मधुकर कंडक्टर ही जोडी सातारा-सांगली गाडीवर लागली ती एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर. खरं तर दोघांचं जमावं असं काहीच नव्हतं. केरबा रहिमतपूरजवळच्या खेड्यातला. घरचा ऊस, मिलिटरीत ट्रक चालवून आलेला, मिशा भरघोस आणि बोलणं त्रोटक. मधुकर सांगलीच्या गावभागातला, हौशी नाटकांत कामं करणारा. त्याच्या वाट्याला नेहमी शिपाई नाहीतर निरोप्या यायचा. दोन वाक्यं बोलायची आणि आत जायचं. रंगभूमीवर बोलायचं राहून गेलेलं सगळं तो गाडीत बोलून घ्यायचा.

"चला, औंध आलं! यमाईच्या पायाशी उतरणाऱ्या मंडळींनी आपापली पोरं मोजून घ्या!" असा त्याचा पुकारा असे. कोंबडी घेऊन चढलेल्या बाईला तो विचारी, "हिला खिडकीजवळची जागा हवी का?" गाडी हसायची. मागून हसू आलं की केरबाच्या मिशाही हलायच्या, पण आरशात मधुकरला ते दिसू नये म्हणून तो तोंड बाजूला करी. मधुकरला ते दिसायचंच.

दुपारी साताऱ्याहून सुटलेली गाडी कोरेगाव, रहिमतपूर, औंध, विटा करत दिवेलागणीला सांगलीत शिरायची. हळदीच्या दिवसांत पेठेजवळून जाताना सगळी गाडी त्या वासानं भरून जाई. सांगलीला गाडीचा मुक्काम असे. बाकीचे ड्रायव्हर डेपोतल्या खोलीत झोपत. केरबाला मात्र मधुकर सायकलवर डबलसीट बसवून घरी जेवायला घेऊन जाई. त्याची बायको शरयू गरम भाकरी वाढायची, पण ती केरबाच्या मनासारखी जाड नसायची. "वैनी, ही भाकरी हाय का पापड?" असं तो विचारी, आणि दुसऱ्या खेपेला आपल्या बायकोनं, अंबूबाईनं, थापलेल्या चार भाकऱ्या फडक्यात बांधून आणी. मधुकरची आई, जिला सगळे माई म्हणत, ती जाड भाकरी दुधात कुस्करून आवडीनं खायची.

अशी तीन वर्षं गेली.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्याअखेरीस मधुकरचा पुकारा हळूहळू कमी झाला. आधी कोंबड्यांची चेष्टा गेली. मग तो थांब्यांची नुसती नावं घेऊ लागला. प्रवाशांना वाटलं, कंडक्टरसाहेब थकले असतील. केरबालाही तसंच वाटलं. एक दिवस रहिमतपूरच्या स्टँडवर दोघं चहाला बसले होते. मधुकरचा चहा पुढ्यात निवून गेला.

"केरबा, मला हल्ली झोप लागत नाही."

"वय झालं तुजं."

"चेष्टा नाही रे. सकाळ झाली की वाटतं, हा दिवस कशाला उजाडला. कशातच मन लागत नाही. सगळं जड जड वाटतं."

केरबाच्या घरी दुखणं म्हणजे ताप, नाहीतर मोडलेलं हाड. हे असलं दुखणं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण मित्राला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्याच्यापाशी होतं ते तो बोलला.

"गड्या, चार दिस माज्या मळ्यावर ये. फावडं देतो हातात. आसा झोपशील, पुन्ना उटायचा न्हाईस बघ."

मधुकर हसला. "येतो की," म्हणाला आणि उठला. नंतर तो विषय त्यानं कधी काढला नाही, केरबानंही काढला नाही.

मार्गशीर्षात मधुकर आठवडाभर रजेवर गेला. त्या रजेतच त्यानं आपला जीव दिला. केरबाला ते कळलं साताऱ्याच्या डेपोत, गाडी काढायच्या आधी. दुसरा ड्रायव्हर गाडीवर गेला, आणि केरबा आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत प्रवासी म्हणून बसला. सांगलीला कृष्णेच्या घाटावर तो गर्दीच्या मागं उभा राहिला. शरयूसमोर गेला नाही, माईसमोर तर नाहीच. तेराव्यालाही गेला नाही. पुन्ना उटायचा न्हाईस. आपलंच वाक्य आपल्याच आवाजात त्याला ऐकू यायचं. कधी स्टिअरिंगवर, कधी उसाला पाणी देताना, कधी जेवताना घास हातात असताना.

आठवड्यानं तो पुन्हा गाडीवर रुजू झाला. नवा कंडक्टर भला माणूस होता, भाऊसो नावाचा. पण त्याच्या बेलची तऱ्हा वेगळी होती आणि ती ऐकली की केरबा नकळत आरशात मागं बघे. औंधच्या स्टँडवर पेरू विकणारी सुलाबाई टोपली घेऊन गाडीशी आली. रोजच्यासारखा एक पिकलेला पेरू तिनं बाजूला काढून ठेवला होता. मधुकर तो फुकट घेत नसे. बदल्यात नाट्यपदाची एक ओळ म्हणून दाखवी. सुलाबाईला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण ती मान डोलवायची.

"आमचा गानारा कुटं गेला वं?" तिनं विचारलं.

केरबाच्या तोंडून निघून गेलं, "बदली झाली त्येची."

"आन मला न सांगता गेला?" म्हातारी म्हणाली. पेरू तिनं परत टोपलीत टाकला.

त्या दिवसानंतर केरबा औंधला गाडीतून खाली उतरेनासा झाला. पंधरवड्यातच त्यानं साहेबांना विनंती करून ड्यूटी बदलून घेतली. त्याला शिरवळची गाडी मिळाली. ती बाजूच वेगळी होती. तिथं त्याला किंवा मधुकरला कुणी ओळखत नव्हतं.

एक वर्ष उलटून गेलं. अंबूबाई बघत होती. नवरा पानावर बसायचा आणि अर्ध्यात उठायचा. बोलणं आधीच कमी, ते आता गुरांपुरतं उरलं. "आवं, सांगलीला वैनीस्नी एकदा भेटून या की," असं ती दोनतीनदा म्हणाली. तो चप्पल घालून मळ्याकडं निघून जायचा.

आणि माघातल्या एका रविवारी, दुपारच्या वेळी, शरयूच दारात येऊन उभी राहिली. फाट्यावर उतरून एकटीच चालत आली होती. चेहरा उन्हानं लाल झालेला, हातात कापडी पिशवी. अंबूबाईनं गूळपाणी दिलं, आत बसवलं. केरबा मागच्या दारी गोठ्यात होता. तो आलाच नाही, तेव्हा शरयूच उठून गोठ्यात गेली.

"केरबा भावोजी, तेराव्याला आला नाहीत. त्यानंतरही आला नाहीत. आमचं काही चुकलं का?"

केरबा वैरणीची पेंढी तशीच धरून उभा राहिला.

"तुमचं काय चुकायचं, वैनी? मी कोनच्या तोंडानं येऊ? त्येनं मला सांगितलं हुतं." आणि वर्षभर बायकोलाही न सांगितलेलं त्यानं सगळं सांगितलं: निवलेला चहा, मळा, फावडं, आणि ते शेवटचं वाक्य. "माज्या तोंडात कुटनं आलं ते, द्येवाला ठावं. मी म्हनलो, आन तो खरंच..."

शरयू गव्हाणीच्या कठड्यावर बसली.

"मलाही सांगितलं होतं त्यांनी. मी जायफळ घालून दूध दिलं. डॉक्टरकडे नेलं, त्यांनी शक्तीची गोळी दिली. रजा घेतली तेव्हा मला वाटलं, आता विश्रांती मिळेल, बरं वाटेल. मी शेजारी झोपत होते भावोजी, मला कळलं नाही. तुम्हाला पाठमोऱ्या माणसाला ड्रायव्हरच्या सीटवरून काय कळणार होतं?"

"पन मी तसं बोलाय नको हुतं."

"नको होतं," शरयू म्हणाली. तिनं ते मऊ करून सांगितलं नाही. "मीही पुष्कळ गोष्टी करायला हव्या होत्या. पण तुम्ही त्यांना मारलं नाहीत. मीही नाही. त्यांना काहीतरी आजार होता आणि तो आपल्यापैकी कुणालाच ओळखता आला नाही. हे मला रोज सकाळी उठून स्वतःला समजवावं लागतं. काही सकाळी पटतं, काही सकाळी नाही पटत."

दारात अंबूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. एका गाईनं मान वळवून केरबाच्या हातातली वैरण ओढली, तेव्हा त्याला कळलं की आपण ती अजून धरूनच आहोत.

"मी दुसऱ्याच कामाला आलेय," शरयू म्हणाली. "घरात त्यांचं नाव कुणी काढत नाही. शेजारी विषय बदलतात. माईंनी तर त्यांचा फोटोसुद्धा कपाटात ठेवलाय. वाटतं, ते कसे गेले एवढंच लोकांच्या लक्षात राहणार. तुम्ही रोज त्यांच्याबरोबर होतात. गाडीतले ते मला माहीतच नाहीत. मला सांगा काहीतरी."

केरबानं डोळे पुसले. काय सांगावं? मग त्याला दुष्काळ आठवला.

"बाहत्तरच्या दुष्काळात तो घरनं पान्याचा क्यान भरून आनायचा, ठावं हाय?"

"रोज! मी विचारायचे, कशाला नेता? म्हणायचे, गाडीला लागतं."

"गाडीला कशाचं!" केरबा म्हणाला. "विट्याच्या अलीकडं दुष्काळी काम चाललं हुतं. बायका उनात खडी फोडायच्या. तितं आलं की तो बेल मारायचा आन लोकास्नी सांगायचा, गाडी तापलीया, थांबाय लागंल. मी खाली उतरून बॉनेट उगडायचो आन खोटंच आत बघत बसायचो. तवर ह्यो क्यान घिऊन त्या बायकांकडं. एकदा गाडीत आमचं साहेब निघालं. ते उतरून माज्याबरूबर बॉनेटमंदी वाकलं. म्हनलं, काय बिघाडलंय? मला घाम फुटला. आन मागनं मधू वरडतोय, 'साहेब, हात लावू नका, लई नाजूक दुखनं हाय!' माजीच बोली उचलून!"

शरयू हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि पुन्हा हसली. अंबूबाईनं तिथंच गोठ्यात तिला जवळ घेतलं.

महिन्याभरानं केरबानं आपली जुनी गाडी परत मागून घेतली. पहिल्याच दिवशी औंधला तो इंजिन बंद करून खाली उतरला. सुलाबाई झाडाखाली बसली होती. तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"मावशे, मी तुला खोटं बोललो. मधूची बदली न्हाई झाली. तो गेला. त्येनं सोताच जीव दिला."

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला.

"आरं, काय केलंस ह्ये? वरीसभर मी त्या लेकरावर रुसून बसले की रं! म्हनलं, न सांगता गेला, आटवनसुदीक न्हाई काडली. गेलेल्या मानसावर मी राग धरला, तुज्यापायी!"

केरबानं मान खाली घातली. ती रागावली, खूप बोलली. स्टँडवरचे लोक जमले. कुणीतरी हळूच विचारलं, "गानारा कंडक्टर का?" मग एकेकजण त्याच्याबद्दल सांगू लागला. कुणाचं बाळंतपण जवळ आलं म्हणून त्यानं गाडी दवाखान्यापाशी थांबवली होती, कुणाच्या पोराकडून शाळेचं पाठांतर त्यानं तिकिटं फाडता फाडता करून घेतलं होतं. गाडी उशिरा सुटली. भाऊसो घड्याळाकडं बघत होता, पण त्यानं बेल मारली नाही.

त्या संध्याकाळी केरबा सांगलीत गावभागात गेला. शरयूनं पाट मांडला. ती आता एका बालवाडीत शिकवायला जात होती, त्याबद्दल बोलली. माई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. केरबा जेवता जेवता औंधची हकीकत सांगू लागला, आणि मधूचं नाव घेताना त्यानं आवाज खाली आणला नाही.

थोड्या वेळानं उंबऱ्यात माई येऊन बसली. खूप वाळली होती.

"केरबा," ती म्हणाली, "मी आई. माझंच काही चुकलं असेल का रे?"

शरयूचा वाढता हात थांबला. केरबानं घास खाली ठेवला.

"मला ठावं न्हाई, माई. मीबी हेच इचारत आसतो सोताला. उत्तर घावत न्हाई."

माईनं मान हलवली. खोटं समाधान तिनं गेल्या वर्षात पुष्कळ ऐकलं होतं. हे तसलं नव्हतं.

"लहानपणी तो पाण्याला फार भ्यायचा," ती म्हणाली. "सगळी पोरं कृष्णेत उड्या मारायची आणि हा काठावर उभा राहून त्यांना टाळ्या वाजवायचा. कपडे सांभाळायचा सगळ्यांचे."

"हे मला माहीत नव्हतं," शरयू म्हणाली.

"तुला कुठून माहीत असणार? तू विचारलंस कधी?" माई म्हणाली, आणि पुढं सरकून केरबाच्या पानाकडं बघत म्हणाली, "वाढ गं त्याला. किती दिवसांनी आलाय."