लग्नाच्या दिवशीचं आभाळ

ऑलस अंगणातल्या बाकावर बसून चामड्याच्या पट्ट्यांना चरबी चोळत होता. एकेक पट्टा तो उन्हात धरी, वाकवून पाही आणि पुन्हा चोळायला घेई. खाऱ्या पाण्यात चामडं तडकतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. समोर त्याची आई सर्जिया लोकर विंचरत होती. तिचं लक्ष लोकरीत कमी आणि त्याच्या हातांत जास्त होतं.

"आता कशाला चोळतोस ते?" म्हातारी दासी सिरा पाण्याचा घडा उतरवत म्हणाली. "राजेसाहेबांना जहाजावर कोण चढू देणार?"

"अजून झालो नाही राजा."

"होशील दुपारपर्यंत. मग काय, वर्षातून एकदा सगळ्या गावासमोर चौकातून धूम ठोकायची. मी आळीतली सगळी पोरं घेऊन येते की नाही बघ."

ऑलस हसला. हात मात्र थांबले नाहीत.

रोमने आपले खरे राजे कित्येक पिढ्यांपूर्वी हाकलून दिले होते. पण काही यज्ञ राजाच्याच हातून घ्यायची देवांना सवय होती, आणि देवांना समजवायला कोण जाणार? म्हणून यज्ञांपुरता एक राजा ठेवलेला होता. त्याने बळी द्यायचे, सणवार जाहीर करायचे, आणि फेब्रुवारीत एकदा, बळी देऊन झाला की, चौकातून पळ काढायचा. बाकी कुठलंही पद घ्यायचं नाही, फौज नाही, जहाज नाही, मरेपर्यंत नाही. आधीचा राजा नुकताच वारला होता. त्याच्या जागी येणारा घरंदाज तर हवाच, शिवाय त्याच्या आईबापांचं लग्न जुन्या रीतीने, खपली गव्हाची भाकर मोडून लागलेलं हवं. तशी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. मुख्य पुरोहितांनी नाव काढलं की नाही म्हणायची सोय नव्हती.

सर्जियाला हे नको होतं, असं नाही. थोरला टीटस सिसिलीच्या समुद्रात गेला. वादळात जहाजांचा सगळा ताफाच बुडाला. चितेवर ठेवायला देहसुद्धा मिळाला नाही. धाकटा मार्चमध्ये त्याच पाण्यावर निघायचा होता. राजा झाला तर तो इथेच, हाकेच्या अंतरावर, सुखरूप म्हातारा होणार होता. त्यासाठी तिला काही खटपटही करायची नव्हती. विचारतील तेव्हा खरं ते सांगायचं, एवढंच.

मुख्य पुरोहित फोलियस आले ते एका मदतनिसाला घेऊन. सर्जियाच्या नवऱ्याचे ते शेजारी, वयाने बरेच लहान. नवरा गेल्यावरही सणासुदीला डोकावून जायचे.

"वहिनी, आज कामासाठी आलोय," ते बसत म्हणाले. मग ऑलसकडे वळून त्यांनी राजाची सगळी बंधनं एकेक करून सांगितली. आवाजात घाई नव्हती, कठोरपणाही नव्हता. प्रत्येक वाक्यापाशी ते थांबत, आणि ऑलस म्हणे, "होय."

सर्जियाने तो "होय" ऐकला आणि तिची फणी मंदावली. शेवटच्या आजारात तिचा नवरा वैद्याला असाच होय म्हणायचा. काढा देऊ का, होय. खिडकी लावू का, होय.

बोलणं संपलं तेव्हा ऑलसने पट्टे गोळा केले, नीट गुंडाळले आणि सिरापुढे धरले.

"कुणाला तरी देऊन टाक. चांगले आहेत अजून."

सिराने ते घेतले.

"आता तुमच्याकडून एकच हवं, वहिनी," फोलियस म्हणाले. "तुमच्या लग्नाच्या दहा साक्षीदारांपैकी आता कुणी उरलं नाही. सांगायला तुम्हीच. विधी यथासांग पार पडला ना?"

सर्जियाने फणी मांडीवर ठेवली. लग्नात एकाच मेंढीच्या कातड्यावर ती आणि नवरा बसले होते. भाकर कोरडी होती, घशाखाली उतरत नव्हती. आणि वर आभाळ इतकं निळं, की दृष्ट लागेल म्हणून आईने वर बघू दिलं नव्हतं.

"भाकर मोडली," ती म्हणाली. "पण त्याआधी आभाळ गडगडलं होतं."

या विधीत आभाळ गडगडलं तर सगळं तिथेच थांबवायचं असतं, आणि दुसरा दिवस पाहायचा असतो.

"किती वेळा?" फोलियसनी विचारलं.

"एकदाच. लांबवर. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच ऐकलं नाही. पाहुणे भुकेले होते. माझ्या वडिलांनी पुढे चला म्हणून खूण केली."

"आई," ऑलस म्हणाला.

"तू नव्हतास तिथे."

फोलियस तिच्याकडे बघत राहिले. "मी होतो, वहिनी."

"माहीत आहे. तुमच्या हातात परडी होती."

"म्हणजे हे लग्न खपलीचं धरता येणार नाही. मुलाचं राजेपद तर सोडाच. नव्या राजाची बायको राणी झाली की दर महिन्याच्या पहिल्या तारखेच्या तिच्या पूजेला तुम्हाला बोलावणं येणार नाही. इतकी वर्षं तिथे पाण्याची झारी तुम्ही धरलीत."

"धरली खरी."

"आणि बायका बोलतील. तुमच्या वडिलांबद्दलही."

"बोलू देत. आता ते कुठे ऐकायला आहेत?"

फोलियसनी झग्याची कड दोन बोटांत धरून सारखी केली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मग मदतनिसाला म्हणाले, "मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. मुलाची साक्ष चालत नाही. दुसरं नाव कुणाचं आहे?"

"नौटियस यांचं. त्यांची फार इच्छाही आहे. पण त्यांचे गुडघे..."

"हळूहळू पळतील." ते उठले. दारापाशी त्यांनी सर्जियाला मान लवून नमस्कार केला, एरवी करत त्याहून जरा खाली.

ते गेल्यावर सिरा पट्टे छातीशी धरून तिथेच उभी राहिली. "बाई, लग्नाच्या दिवशी मी सगळ्या गाद्या उन्हात घातल्या होत्या. संध्याकाळपर्यंत."

"त्याचे पट्टे त्याला परत दे."

सिराने दिले आणि दुसरा रिकामा घडा उचलून पाण्याला निघून गेली.

ऑलस आईसमोर येऊन खाली बसला. त्याने एक पट्टा उलगडला, परत गुंडाळला. तिने लोकरीचा नवा झुपका घेतला आणि फणीला लावला.

"पोहता येतं का तुला?" तिने विचारलं.

"थोडंफार."

"टीटसलाही थोडंफारच यायचं. उद्यापासून रोज सकाळी टायबरवर जायचं."

"आई, पाणी गार आहे आत्ता."

"समुद्राचंही असतं," ती म्हणाली.