पत्र्याचं खुराडं

"हातात घेतलं की फुटतंय. ह्याला काय अंडं म्हणायचं, नुसता पापुद्रा," वेदिका चुलीपाशी पुटपुटली.

सोनूबाई तिच्या पाठीशीच तांदूळ निवडत बसली होती. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सुनेचं काही खोटं नव्हतं. वैशाख तापला की अंड्याचं कवच पातळ पडतं, हे सोनूबाई माहेरापासून बघत आली होती. पण ह्या वर्षी गोष्ट कवचावर थांबली नव्हती. आठ दिवसांत चार कोंबड्या गेल्या. चारही भर दुपारी, चोच वासून, पंख अंगापासून लांब धरून. उरल्या सात.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते परसात लखलखत उभं होतं.

सोनूबाईचा नवरा सदू तीस वर्षं मुंबईला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. फाल्गुनात त्याच्या छातीत कळ आली, नऊ दिवस दवाखाना झाला, आणि मुलाने, सागरने, बापाला संगमेश्वराकडच्या ह्या घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला लागेल असं काही बोलू नका. पंधरा दिवस सदू ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग एका सकाळी उठला, फणसाखालचं माडाच्या झापांचं खुराडं मोडलं आणि उघड्यावर चिऱ्यांचा चौथरा रचून माणूस वाकून शिरेल एवढं नवंकोरं पत्र्याचं उभं केलं. चहूबाजूंनी पत्रा, वर पत्रा, मुंगसाला शिरायला बोटभर फट नाही. खिळे ठोकताना तो शीळ घालत होता. एवढ्या संसारात सोनूबाईने त्याची शीळ पहिल्यांदा ऐकली. आता शीळ घालणाऱ्या माणसाला कोण सांगणार, की बाबा, तू भट्टी बांधलीस?

मुंगसाच्या धास्तीने तो सकाळी दहा वाजताच कोंबड्या आत घालून कडी लावी. म्हणून सोनूबाईचं सगळं चोरून चालायचं. उजाडायच्या आत त्यांना मोकळं सोडायचं, ताकात कालवलेला कोंडा घालायचा, कांदा ठेचून द्यायचा. मातीच्या परळातलं पाणी तीनदा बदलायचं. सदूचा डोळा लागला की गोणपाटं भिजवून पत्र्यावर टाकायची. तो उठला की गोणपाटं काढी. पाण्याने पत्रा गंजतो, म्हणे.

चौथी कोंबडी गेली तेव्हा मात्र त्याने विचारलंच, शेजारच्यांच्या जगतात, आपल्याच का मरतात? वेदिकाने सोनूबाईकडे पाहिलं, सोनूबाईने अंगणाकडे. मग तिला एक युक्ती सुचली. तिने बाबल्या गुरवाला चहाला बोलावलं आणि पढवून ठेवलं. बाबल्याने कप खाली ठेवत गंभीर तोंडाने सांगितलं, गावचा राखणदार देव भर बाराला त्या परसातनं जातो, चौथरा त्याच्या वाटेत आला, खुराडं परत फणसाखाली हलवा. राखणदाराचं नाव निघालं की गावात कोणी पुढे विचारत नाही. सोनूबाईला वाटलं, सुटलो.

 सदू म्हणाला, "तीस वर्षं गेटवर काढली. न विचारता आत कोण शिरतो ता बघतंय मी."

तिला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला.

दुसऱ्या दिवशी ती पऱ्याच्या डोहावरून धुणं घेऊन आली तर ओटी रिकामी. गोळ्यांची डबी उशाशी, आणि माणूस नाही. परसात खुराड्याच्या दाराशी त्याच्या चपला जोडीने काढून ठेवलेल्या. बारा वाजून गेले होते. पाखरू ओरडत नव्हतं. तिने दार ढकललं तर आतून दोरीने आवळून बांधलेलं, आणि पत्र्याला लागलेला तळहात चर्रकन भाजला.

"गप. आवाज करू नको," आतून सदू कुजबुजला. "येल आता तो."

 वेदिका धावत आली आणि म्हणाली, बाबा, सागरचा फोन आलाय. हे खोटं होतं. मागनं करतो म्हणून सांग, आतून उत्तर आलं. सोनूबाई म्हणाली, पेज निवते आहे. निवू दे, म्हणाला. बाबल्याने शब्द फिरवला, आज राखणदार येत नाही, असंही तिने सांगून पाहिलं.  ह्यावर आतून नुसता श्वास ऐकू आला, आखूड, कोरडा, मध्येच अडकणारा, आणि त्यातला कुठला कोंबड्यांचा आणि कुठला माणसाचा ते तिला कळेना.

वेदिकाने तिचा दंड धरला. डोळ्यांनीच म्हणाली, नको, डॉक्टरांनी सांगितलंय.

सोनूबाईने दंड सोडवून घेतला आणि तोंड पत्र्याशी नेलं.

"अवो, कोन येत नाय. राखणदार नाय नि काय नाय, ता मीच बाबल्याला बोलाया लावलंय. तुमच्या ह्या पत्र्यानं मेल्या कोंबड्या. समद्यांना ठावं व्हतं. आता तुमी पन मराल, भायेर या."