बांधलेला भुईनळा

बाजारामागच्या पटांगणात मुंगीला शिरायला वाव नव्हता. मागची माणसे हातगाड्यांवर आणि रिकाम्या खोक्यांवर चढली होती. पुढची माणसे मागच्यांच्या रेट्याने दोरीला पोट टेकवून उभी होती. दोरीच्या आत, मोकळ्या मातीवर, एक भुईनळा ठेवला होता. त्याच्यापासून दहा पावलांवर थंडबाबा उभा होता. अंगात पांढरी कफनी, एका हातात लांब दांडीचा चिमटा आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली.

"अग्नी हा माझा धाकटा भाऊ!" थंडबाबा म्हणाला. "तापट आहे, पण मनाचा वाईट नाही. मोठ्या भावाने डोळे वटारले की गप्प बसतो. बसतो की नाही?"

"बसतो!" पटांगण म्हणाले.

"मी मंत्राने बांधलेला नळा माणूस ओळखतो. माणूस जवळ आला की लाजतो, मान खाली घालतो. कोण येतंय पुढे?"

एक जाडजूड टॅक्सीवाला दोरीखालून आत गेला. "मला लाजला तर बायकोला दाखवायला नेईन," तो म्हणाला, आणि लोक हसले. थंडबाबाने लांब काठीने वात पेटवली. "थांब! मी म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मन स्वच्छ कर. शंका काढून टाक. काढलीस? आता जा!"

टॅक्सीवाल्याने दोन पावले टाकली आणि तडतडत जाणारी वात विझली. पटांगणाने तोंडात बोटे घातली. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गोंधळात थंडबाबाने चिमट्याने नळा उचलून बादलीत सोडला. "दमलाय बिचारा. झोपू द्या त्याला."

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या परिचारिकेने छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळाकडे पाहिले. वात पेटल्यापासून विझेपर्यंत अकरा सेकंद. आधीच्या खेपेला बारा. त्याआधी अकरा. ती मुद्दाम मोजत नव्हती. वीस वर्षे लोकांच्या नाड्या मोजल्यावर हात आपोआप घड्याळाकडे जातो.

"पाहिलंस?" शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याने विचारले. त्याच्या उजव्या डोळ्यावर काळी पट्टी होती. "मी म्हणत होतो ना, दोष बाबांचा नाही."

तिने नुसती मान हलवली. गेल्या वर्षभरात ती फारसे काही बोललीच नव्हती.

तिचा नवरा घड्याळे दुरुस्त करणारा. भिंग लावायचे ते उजव्या डोळ्याला. गेल्या वर्षाखेरीच्या संध्याकाळी, मेहुण्याच्या दुकानातून आणलेला बांधलेला भुईनळा त्याने अंगणात लावला. वात विझली. नळा लाजला असे समजून सगळे हसले. तो पुन्हा पेटवायला नवरा वाकला आणि नळा उसळला. जळित विभागात त्या संध्याकाळी तीच कामावर होती. तिने त्याचा चेहरा धुतला, मलम लावले, पट्टी बांधली, पलंगाच्या पाटीवर वेळ लिहिली. हे सगळे तिने दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा असावा तसे केले, आणि त्या दिवसापासून सगळेच दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे चालू होते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, त्याच्या रिकाम्या टेबलावरची धूळ पुसताना. रडू येत नाही याचेही तिला काही वाटत नव्हते.

त्याने मात्र थंडबाबाला गाठून विचारले होते. थंडबाबाने डोळे मिटून सांगितले, "वाकताना तुझ्या मनात शंका आली. शंका घेणाऱ्याचा डोळा अग्नी घेतो." आणि ते खरेच होते. वाकताना त्याच्या मनात आले होते, हा खरंच विझला असेल का? एवढ्या एका विचारापायी आपण डोळा गमावला, असे धरून तो वर्षभर बसला होता. हत्यारांची पेटी त्याने उघडली नव्हती.

त्या दिवशी घरी परतताना तो म्हणाला, "गुरुवारी नगरपालिकेत सुनावणी आहे. लोकांना फटाके विकायचे की नाहीत याची. मी बाबांच्या बाजूने बोलणार. चूक माझी होती, हे चारचौघांत सांगितलं म्हणजे मन हलकं होईल."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विभागात काम कमी होते. तिने नोंदवही काढली आणि पाच वर्षांची पाने उलटली. वर्षाखेरीचे रुग्ण दरवर्षी असतातच. बोटे, तळहात, तळहात, मनगट, बोटे. दोन वर्षांपूर्वी थंडबाबा शहरात आला. तिथून पुढची पाने तिने दोनदा वाचली. कपाळ, डोळा. डोळा, गाल. हनुवटी, दोन्ही डोळे. गाल, डोळा.

फटाका हातात फुटला की हात भाजतो. चेहरा भाजतो तो वाकणाऱ्याचा. ही सगळी माणसे कशावर तरी वाकली होती. आणि जिवंत विस्तवावर कुणी वाकत नाही. विझल्याची खात्री असलेल्या गोष्टीवरच माणूस वाकतो.

वही मिटून ती भावाच्या दुकानात गेली. धाकटा भाऊ शिडीवर बसून खोकी लावत होता. प्रत्येक खोक्यावर थंडबाबाचा शिक्का होता.

"ये ताई. चहा सांगू?"

"नको. हे बांधतात कसे, ते दाखव."

"दाखवायचंय काय त्यात?" तो खाली उतरला. गल्ल्यामागून त्याने अत्तराच्या पिचकारीसारखी बाटली काढली. "मंत्राचं पाणी. बाबा बाटल्या भरून देतात. वातीवर एकदा शिंपडायचं आणि वाळू द्यायचं. मी आपला दोनदा शिंपडतो. उगाच कुणाला इजा नको."

तिने बाटलीतला एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट. तिने शिंपडलेल्या वातीवरून बोट फिरवले. बोटाला पांढरी पूड लागली. आतून वात दमट, मऊ होती.

"हे मिठाचं पाणी आहे," ती म्हणाली. "आम्ही जखमा धुतो तसलं. ओली वात कशी जळेल? आणि मीठ ओल धरून ठेवतं, नीट वाळूही देत नाही. वरची ज्योत विझते, आत ठिणगी धुमसत राहते."

"ताई, तू शिकलेली. पण बाबांसमोर वात कशी विझते ती तू स्वतः पाहिलीस."

"पाहिली. दरवेळी अकरा-बारा सेकंदांनी. तेवढीच बोटभर वात कोरडी ठेवलेली असते आणि पुढची भिजवलेली. म्हणून तो सांगेल तेव्हाच माणसाने पाय उचलायचा. नंतर नळा स्वतःच्या हाताने उचलत नाही. चिमट्याने उचलतो आणि लगेच पाण्यात बुडवतो. तू गिऱ्हाइकाला बादली आणि चिमटा देतोस?"

भावाने बाटली गल्ल्यामागे ठेवली. मग चिडून म्हणाला, "माझ्या पोटावर पाय देणार तू. सख्खी बहीण! भावोजींचं मला वाईट वाटत नाही का? घरातल्यांच्या खोक्यावर तर मी तीन-तीनदा शिंपडतो!"

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचेच शब्द ऐकू आले. तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. आता आपल्याला राग यायला हवा, असे तिला वाटले. तिने थोडा वेळ वाट पाहिली. राग आला नाही.

"गुरुवारी यातलं एक खोकं घेऊन ये," ती म्हणाली. "तुला वाटेल ते उचल. मी हात लावणार नाही."

गुरुवारी नगरपालिकेच्या सभागृहात व्यापारी एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला आणि थंडबाबा मधोमध. व्यापाऱ्यांचे म्हणणे सरळ होते. अपघात होतात, मान्य. पण बांधलेले फटाके सुरक्षित असतात, तेव्हा सरसकट बंदी कशाला? थंडबाबाने मान डोलावली. "भाऊ माझा आहे. जामीन मी आहे."

"मग डोळे गेले ते कुणाचे?" मागून कोणीतरी विचारले.

"शंकेखोरांचे!"

तिचा नवरा उठू लागला. तिने त्याच्या बाहीला हात लावला. "अहो, पाच मिनिटं थांबा. मग काय बोलायचं ते बोला." आणि ती अध्यक्षांकडे वळली. "बाई, बाहेरच्या आवारात एक प्रयोग करायचा आहे. वेळ मोजायचं काम यांना द्या. शहरातली निम्मी घड्याळं यांच्या हातून चालू झाली आहेत."

अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. प्रयोग म्हटल्यावर त्या खुर्चीतून उठल्याच.

आवारात खडूने मोठे वर्तुळ आखले. भावाने आणलेल्या खोक्यातून अध्यक्षबाईंनी डोळे मिटून तीन नळे काढले. अग्निशामक दलाचा जवान पाण्याची नळी घेऊन उभा राहिला. त्याने लांब काठीने तिन्ही वाती पेटवल्या आणि तो मागे आला.

"आता कोणीही जवळ जायचं नाही," ती म्हणाली. "माणूस पाहून नळा लाजतो ना? मग आज लाजायला त्याला माणूसच ठेवायचा नाही."

पहिला नळा लगेच उसळला. "हा बेशरम निघाला!" टॅक्सीवाला ओरडला. लोक हसले. पण दुसऱ्याची वात विझली, आणि पाठोपाठ तिसऱ्याचीही. वर्तुळात कोणी नव्हते. हसणे हळूहळू थांबले.

"जवळ कोणीच गेलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग हे दोघे कुणाला लाजले?"

"मला!" थंडबाबा घाईने म्हणाला. "मी इथे उभा आहे ना! झालं, विझले. उचलून घ्या आता."

"तुम्हीच उचला," ती म्हणाली. "चिमटा नको. वाकून, हाताने. तुमचाच भाऊ आहे."

थंडबाबाने वर्तुळाकडे पाहिले, मग बादलीसाठी इकडेतिकडे पाहिले. तो जागचा हलला नाही. इतका वेळ त्याच्याकडे पाहणाऱ्या लोकांनी आता त्याच्या पायांकडे पाहिले.

"साठ," नवरा म्हणाला. त्याच्या हातात खिशातले जुने घड्याळ होते आणि ते त्याने डाव्या डोळ्याजवळ धरले होते. "सत्तर."

लोक कंटाळले. एकजण म्हणाला, "अहो, विझलेत ते. मी बघतो." तो खडूच्या रेघेवर पाय ठेवणार तोच जवानाने त्याला मागे ओढले.

"नव्वद. शंभर." त्याचा आवाज बारीक झाला होता. "एकशे दहा."

आणि दुसरा नळा उसळला. पेटवायला कोणी नव्हते, वाकायला कोणी नव्हते. भर दुपारच्या उन्हात ठिणग्यांचे झाड छातीएवढे उंच उभे राहिले, सरसरत वर गेले आणि रिकाम्या वर्तुळात पडत राहिले. दिसायला ते सुंदर होते. कोणी टाळी वाजवली नाही.

"एकशे चौदा," नवरा म्हणाला.

"या प्रयोगवाल्या बाईच्या मनात शंका होती!" थंडबाबा ओरडला. "म्हणून भडकला तो!"

"पण माझ्या मनात नव्हती." नवऱ्याने घड्याळ खाली केले. "देवाशपथ सांगतो, नव्हती. मी तुमच्याच बाजूने बोलायला आलो होतो. नळा विझला असंच मी धरून चाललो होतो." तो बायकोकडे वळला. "अगं, मी त्या दिवशी किती वेळ थांबलो असेन?"

"मिनिटभर, असं तुम्हीच तेव्हा सांगितलं होतं. कदाचित थोडं जास्त."

"मग वाकताना ते मनात आलं होतं, त्याचं काय?"

"त्याचं काहीच नाही. मनात काही आलं नसतं तरी डोळा गेलाच असता. तुमची शंका बरोबर होती. तिचं ऐकलं असतं, तर वाचला असता."

त्याने घड्याळ पुन्हा डाव्या डोळ्याजवळ धरले. तो तिसऱ्या नळ्याची वेळ मोजू लागला.

तिसरा नळा दहा मिनिटांनीही पेटला नाही. जवानाने पाणी मारून तो भिजवून टाकला. "हा तर खरंच विझला होता," व्यापाऱ्यांपैकी एकजण म्हणाला. "म्हणजे तुमचंही सगळं खरं नाही."

"तेच तर मला सांगायचं आहे," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही; ती विभागातल्या सूचना वाचून दाखवताना बोलते तशीच बोलली. "एक लगेच पेटला, एक दोन मिनिटांनी, एक पेटलाच नाही. बाहेरून तिन्ही सारखे. यातला कोणता कधी उसळेल हे मला सांगता येणार नाही, जवानाला नाही, माझ्या भावालाही नाही. कोरड्या वातीचाही भरवसा नसतो; मिठाच्या पाण्याने होता तो धोका वाढला, आणि मंत्राने लोकांची भीती गेली. भीती गेली म्हणून ते वाकले. ज्यांना हे काम शिकवलं आहे त्यांनी मोकळ्या मैदानात आतषबाजी करावी, आपण सगळ्यांनी लांबून पाहावी. पण वाण्याकडे साबण मिळतो तशी ही वस्तू घरोघर देऊ नका. आणि यापुढे कोणीही चमत्कार दाखवला, तर एवढं एकच करा: त्याने सांगितलेलं कारण बाजूला काढून ठेवा, आणि तरीही तो चमत्कार होतो का ते पाहा. माणूस बाजूला काढला, तरी वात विझली. याला शिक्षण लागत नाही. घड्याळ लागतं, आणि थोडा धीर."

त्या वर्षापुरती फटाक्यांची खुली विक्री बंद झाली. पुढच्या वर्षाचे पुढच्या वर्षी पाहू, असा ठराव झाला; दोन सदस्यांनी विरोधात मत दिले. थंडबाबाला पोलिसांनी चौकशीला नेले, तेव्हा त्याच्यामागे पाच-सात माणसे हात जोडून गेलीच. भावाने उरलेल्या खोक्यांवरचा एक शिक्का नखाने खरवडला, आणि मग तो तसाच बसून राहिला. ती त्याच्याजवळ गेली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

घरी जाताना नवरा तिच्या छातीवरच्या घड्याळाकडे पाहत चालला होता. कोपऱ्यावर तो थांबला.

"आवारात मी दोन्ही ताडून पाहिली. तुझं मागे पडतंय."

"किती?"

"दोन मिनिटांत तीन सेकंद. नाडी चुकेल अशाने कुणाची तरी." त्याने हात पुढे केला. "दे. घरी गेल्यावर उघडून बघतो. डाव्या डोळ्याने वेळ लागेल, पण बघतो."

तिने टाचणी काढली. टाचणी काढताना तिचे बोट टोचले, आणि तिला ते दुखले.