शेजारच्या सीटसमोरचा ब्रेक

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, तो शोभेचा. दुसरा शेजारच्या सीटसमोर, आत्याच्या पायाखाली. गेली सव्वीस वर्षं गाडी थांबते ती या दुसऱ्यामुळे.

मंगळवारी सकाळी बाबांनी आवारात दोन इलेक्ट्रिक गाड्या आणून उभ्या केल्या, एक पांढरी आणि एक निळी. एकमेकींच्या नावाने बोटं मोडणाऱ्या दोन कंपन्यांच्या, दोन्ही एका दिवसापुरत्या, चालवून बघायला. जुनी गाडी चढावर धापा टाकायला लागली होती, तेव्हा नवी घेणं भागच होतं. पण विक्रेत्याने बाबांच्या डोक्यात एक किडा सोडून दिला होता. समोर काही आलं तर या गाड्या आपोआप थांबतात, मग दुसरं पेडल कशाला? आणि दुसरं पेडल नको, तर त्यासमोर एकसष्ट वर्षांची बाई कशाला, हे विक्रेता बोलला नव्हता. ते बाबांनी स्वतःच्या हुशारीने जोडलं. गेलं वर्षभर आमची मुलं परीक्षेत धडाधड नापास होत होती, त्याचं खापरही त्यांनी आत्याच्या वयावर फोडून ठेवलं होतं.

ताई आता ऑफिसात फोनपाशी बसेल, असं त्यांनी आदल्या दिवशी जेवताना जाहीर केलं. फोनपाशी मी बसतो. मग मी कुठे बसू, असं मी विचारलं, तर म्हणाले, ताईच्या जागी. माझ्या घशात घास अडकला. आत्याने मला पाणी दिलं, माझ्या पाठीत धपाटा घातला आणि बाबांना सांगितलं, "गाडी माझ्याआधी थांबली तर बसेन मी फोनपाशी. नाही थांबली तर हा विषय परत काढायचा नाही."

बाबा म्हणाले, ठरलं. आमच्या घरात पैज मोडत नाहीत. माझ्या काकांनी एका पैजेपायी अकरा वर्षं मिशी ठेवली होती, स्वतःच्या लग्नातसुद्धा, आणि ती त्यांना अजिबात शोभत नव्हती.

तर गाडी मी चालवायची, आत्याने शेजारी बसायचं आणि बाबांनी मागे बसून तक्ता भरायचा. अडचण एकच होती. नव्या गाड्यांत आत्याच्या पायाखाली पेडल नव्हतं, मग तिने ब्रेक कधी मारला हे कळायचं कसं? बाबांनी आमच्या दाराची बेल काढून आणली. बटण आत्याच्या पायाशी चटईखाली, बेल मागे त्यांच्या मांडीवर. आत्याने पाय दाबला की टिंग टाँग. त्या दिवशी पाहुणे आले असते तर त्यांना गाडी शोधत यावं लागलं असतं.

नियमही बाबांनीच केला. बेल वाजली म्हणून मी ब्रेक मारायचा नाही, नाहीतर गाडीला संधीच मिळणार नाही. गाडीही थांबली नाही आणि जिवावर बेतलं, तर तू आहेसच की, असं ते म्हणाले.

मी नव्हतोच, ही खरी गोष्ट होती. मी रस्ता बघून ब्रेक मारत नाही. मी आत्याचा गुडघा बघून मारतो. अठराव्या वर्षी मी तिच्याकडे गाडी शिकलो तेव्हा लक्षात आलं की पेडल दाबायच्या आधी तिचा गुडघा बोटभर वर उचलला जातो. तेवढ्यात आपण ब्रेक लावला की तिला लावावा लागत नाही आणि शाबासकीही मिळते. रस्त्यावर शंभर गोष्टी असतात, गुडघा एकच. हे मी कुणाला शिकवलं नाही, पण आमच्याकडे येणारा प्रत्येकजण चौथ्या-पाचव्या दिवशी आपापलं शिकतो. गेल्या वर्षी परवान्याची परीक्षा घेणाऱ्या साहेबांचा फोन आला होता. तुमच्याकडची मुलं माझ्या गुडघ्याकडे टक लावून का बघतात, असं त्यांनी जरा अवघडूनच विचारलं. मी म्हटलं, चौकशी करतो. केली नाही. मग साहेब गुडघ्यांवर फाइल ठेवून बसायला लागले आणि आमची मुलं नापास व्हायला लागली.

हे बाबांना माहीत नव्हतं. आत्याला तर नव्हतंच. बाबांना कळलं असतं तर पैजेचीही गरज उरली नसती.

आधी पांढरी काढली. या गाडीत एकही बटण नाही. मधोमध खिडकीएवढा पडदा, सगळा संसार त्यात. आत्याने बाहेरचा आरसा थोडा आत घ्यायला सांगितला. मी पडद्यावर तीन पानं उलटली, चौथ्या पानावर गाडीने मला विचारलं की मला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल. आरसा सापडेपर्यंत आम्ही आवारातून बाहेर पडून परत आत आलो होतो. थंड हवेचा झोत आत्याच्या तोंडावर येत होता. तो वळवायचा तर पडद्यावर वाऱ्याचं चित्र येतं, ते बोटाने ओढायचं. मी ओढलं, वारा माझ्या कानात शिरला आणि मुक्कामाला राहिला.

"शिकणाऱ्याचा हात न बघता जागेवर गेला पाहिजे," आत्या म्हणाली. "इथे बघूनही जात नाही."

बाबांनी ते लिहून घेतलं. मग आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. पांढरी लेनच्या मधोमध स्वतःच चालते, अर्ध्या मिनिटाने एकदा स्टिअरिंगला हलका हिसका मागते, तेवढा दिला की खूश. माझे डोळे कुठे आहेत याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ते गुडघ्यावर होते. एका गल्लीतून सायकलवाला निघाला. गुडघा उचलला गेला, माझा पाय शिवशिवला, मी तो नियमानुसार दाबून धरला. टिंग टाँग. एक आख्खा सेकंद गेला. मग गाडीने असा दणका मारला की बाबांचं पेन माझ्या मानेला टोचलं. सायकलवाला काहीतरी बोलून निघून गेला, काचा बंद होत्या हे बरं झालं. पुढे पुलाखाली गाडी आणखी एकदा करकचून थांबली, समोर चिटपाखरू नसताना. ती पुलाच्या सावलीला घाबरली होती.

पांढरीचा हिशेब सरळ होता. आत्या चार वेळा आधी, गाडी एकदा, तीही सावलीसाठी. बाबांचा चेहरा उतरला. आत्या खिडकीबाहेर बघत होती, पण तिची पाठ ताठ झाली होती.

दुपारी निळी घेतली. निळीच्या कंपनीला बटणांचा मोह आवरलेला नाही, मी त्रेसष्टपर्यंत मोजली. पण हात जागेवर जातो, हे आत्याने मान्य केलं. फक्त लेन धरायचं बटण आणि सीट तापवायचं बटण जुळ्या भावांसारखी शेजारीशेजारी आहेत. मी लेन धरायला सांगितली आणि आत्या तापली. आपल्याला खालून गरम होतंय असं तिने सांगितलं, तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे बाबांना कळेना.

स्टिअरिंगच्या मागे शर्टाच्या बटणाएवढा काळा कॅमेरा होता. तो काय करतो ते पहिल्याच सिग्नलपाशी कळलं. गाडीतून एक बाई अतिशय सभ्यपणे म्हणाली, "कृपया रस्त्याकडे लक्ष द्या."

आत्याने विचारलं, ही कुणाला सांगतेय? मी म्हटलं, सगळ्यांनाच. दोन मिनिटांनी ती परत म्हणाली. मग परत. चौथ्या वेळी बाबा मागून पुढे सरकले. मी म्हटलं, ऊन डोळ्यावर येतंय. बाबांनी वाकून आभाळ बघितलं. आभाळ गच्च भरलेलं होतं. त्यांनी तक्त्यात एक नवा रकाना आखला. आरशातून मला त्याचं शीर्षक उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. ताई शेजारी असताना चालकाचं लक्ष.

आता फक्त एक प्रश्न बाकी होता, की मी बघतोय तरी कुठे. तो बाबांनी विचारला आणि मी खरं बोललो, तर आत्याची सीट माझ्याच तोंडाने जाणार होती. म्हणून मी नजर उचलून रस्त्यावर ठेवली. हा अनुभव मला नवा होता. रस्त्यावर भयंकर माणसं असतात. प्रत्येकजण आता आडवा येईल असं वाटत होतं, आणि जो खरंच आला तो मला दिसलाच नाही. एका बाईने दोन पिशव्या सावरत फुटपाथवरून पाय खाली टाकला. बेल आणि गाडीचा ब्रेक, दोन्ही एकदम. गाडी अलगद थांबली, पांढरीसारखी धसमुसळी नाही.

"बरोबरी," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती.

आत्याने पदराने कपाळ पुसलं. मी तिला इतक्या वर्षांत घाबरलेली पाहिली नव्हती, आणि ती गाडीला नाही, ऑफिसातल्या फोनला घाबरली होती. मी परत गुडघ्याकडे वळलो.

बाजाराच्या रस्त्याला एका टेम्पोमागून दोन हमाल एक कपाट आडवं घेऊन निघाले. हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की गुडघा बोटभर नाही, वीतभर उडाला. बेल वाजली. वाजत राहिली, आत्याने पाय उचललाच नाही. मी नियम पाळला. अर्धा सेकंद मी आयुष्यातला सर्वांत आज्ञाधारक मुलगा होतो. गाडी थांबेना. उलट ती बाई शांतपणे म्हणाली, "कृपया रस्त्याकडे लक्ष द्या."

मी वर बघितलं. समोरून एक निळी गाडी आमच्यावर येत होती. तिच्यात एक आ वासलेला मुलगा, एक ताठ बाई आणि मांडीवर बेल घेतलेला एक गृहस्थ होता. कपाटाला उंचीभर आरशाचं दार होतं. आमच्या गाडीनेही तेच बघितलं होतं. तिने पडद्यावर समोरून येणाऱ्या गाडीचं छान चित्र काढलं होतं, अंतर दुप्पट धरून, आणि ती वाट बघत होती.

मी दोन्ही पायांनी ब्रेक मारला.

गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि आरसा यांच्यात हाताचा पंजा मावला असता. कपाटाच्या वरून एका हमालाचं डोकं आलं. "आम्ही जाऊ का आधी?" त्याने विचारलं. मी मान हलवली. ते गेले.

बेल अजून वाजत होती. बाबांनी ती उलटी करून बॅटरी काढली. मग त्यांनी तक्ता भरला, माणूस पैजेचा पक्का. आधी ताई, मग हा, गाडी शून्य. "ताई, तू जिंकलीस," ते म्हणाले. "तू आहेस तिथेच बसशील. विषय संपला."

आत्या त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"तू कुठे बघत होतास?"

"रस्त्यावर," मी म्हटलं.

"ही बाई खोटं बोलते?"

सीट तिला मिळाली होती. मी अजून एक थाप मारली असती तर ती मिळालेलीच राहिली असती, आणि मी मारणारही होतो. पण आत्यासमोर पहिली थाप जाते, दुसरी कधी जात नाही. मी बोट दाखवलं. तिने स्वतःच्या गुडघ्याकडे असं बघितलं, जणू कुणीतरी तो तिच्याकडे ठेवायला देऊन गेलं होतं.

"सगळेच?" तिने हळू विचारलं. मी होकार दिला. साहेबांच्या फोनचंही सांगून टाकलं, आता लपवून काय उपयोग होता? मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"लिही," ती बाबांना म्हणाली. "ताई जिंकली ते खोड. ताईची मुलं ताईच्या गुडघ्याकडे बघतात, म्हणून नापास होतात. हे सव्वीस वर्षं ताईच्या लक्षात आलं नाही. लिही."

"ताई, हे मला कशाला सांगतेस? मी विचारलं नव्हतं."

"तू विचारणारच होतास. मला आधी सांगायचं होतं." मग ती व्यवहाराचं बोलायला लागली, म्हणजे रागावली नव्हती. "निळी घे. पांढरीला मुलं कुठे बघतात याची पडलेली नाही. हिला निदान पडलेली आहे. दुसरं पेडल बसव, कारण उद्या परत कुणीतरी कपाट घेऊन येईल. आणि त्या पेडलपाशी बसायला मी नको वाटत असेन तर ते आत्ताच सांग, घरी जाऊन जेवताना सांगू नकोस. हवी असेन तर मधे फळी लावून दे. माझा पाय कुणाला दिसता कामा नये."

बाबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. त्यांच्या हातात आता सगळं होतं. पैज जिंकून आत्याने स्वतःच त्यांना जिंकून दिलं होतं, वर ते लिहून घ्यायलाही सांगितलं होतं. मी आरशातून त्यांच्याकडे बघत होतो. बाबांनाही गाडी आत्यानेच शिकवली आहे. लग्न झाल्यापासून आमच्या घरची गाडी आई चालवते, आणि का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

"फळी किती उंच लागेल?" त्यांनी विचारलं.

"मांडीच्या वर."

"सुताराला सांगतो."

आत्या दार उघडून उतरली. परत जाताना मी मागे बसते, म्हणाली. बाबा पुढे आले. त्यांचे दोन्ही गुडघे लटलटत होते, त्यातून काहीच कळण्यासारखं नव्हतं.

मी निघालो. रस्ता होता तसाच गर्दीचा. गाडीतली बाई बोलत नव्हती. मागची बाईही बोलत नव्हती, आणि ते जास्त कठीण होतं. शाळेपाशी पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे लांबून दिसले. पट्ट्यांच्या कडेला छत्री मिटवत एक आजोबा उभे होते. ते उतरणार की नाही? शेजारी कुणी उत्तर देणारं नव्हतं. आजोबांनी एक पाय पुढे टाकला. मी ब्रेक लावला, माझा मी, आणि गाडी थांबली. आमच्या आणि आजोबांच्या मधे निदान चार गाड्या उभ्या राहिल्या असत्या.

आजोबांनी आमच्याकडे बघितलं, मागे बघितलं, थांबले. मागून हॉर्न सुरू झाले. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

"ठीक आहे," आत्या मागून म्हणाली. "आता अजून थोडी पुढे घे."