नदीपल्याड सोडलेली ठिपकी

मी ठिपकी बोलतेय. सेलूपासून थोड्या अंतरावर, दुधना नदीकाठच्या गावात, सरजाबाई आणि सूर्यभान यांच्या घरी माझा मुक्काम असतो. मला नुसती मांजर म्हटलेलं खपत नाही, आधीच सांगून ठेवते.

माझी आई गावातली भुरी मांजर, पण बाप वाघाटी जातीचा, ठिपक्यांचा रानबोका. त्याचे ठिपके माझ्या अंगावर उतरले. आई अचानक दिसेनाशी झाली आणि कडब्याच्या गंजीत मी एकटीच ओरडत बसले. कडबा उपसायला आलेल्या सरजाबाईनं मला ओच्यात घेतलं. माझे ठिपके बघून ती कितीतरी वेळ काम विसरून उभी होती.

मला सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप. दूधभाकरी मी हुंगून सोडायची, म्हणून तिनं नदीतले मासे आणून कच्चेच दिले. खेळायला मिळालं नाही की मी शिंक्यावरचं गाडगं खाली आणायची, म्हणून सूर्यभाननं आढ्याला दोर टांगून दिला. आणि पाण्याचं तर मला वेडच! घमेल्यात पाणी ओतलं की मी आत. सरजाबाई धुणं सोडून बघत बसायची, म्हणायची, मांजर हाय का बेडूक!

मला मात्र तिचंच नवल वाटायचं. कापूस वेचून तिची बोटं चिरलेली असायची. त्याच बोटांनी ती मला कुरवाळायची, तेव्हा एक केससुद्धा ओढला जात नसे. एवढं कष्टाचं माणूस इतकं मऊ कसं होतं, मला अजून कळलेलं नाही.

मी दीड वर्षाची झाले आणि शेजारच्या तात्यारावांनी मला घराच्या छतावर, माळवदावर पाहिलं. हे बिबट्याचं पिल्लू आहे, आई शोधत येईल आणि आपल्या शेळ्या नेईल, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. शेळ्यांवरच त्यांचं पोट होतं, घाबरणारच. सूर्यभान विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाहून परत आला, तर गल्ली दारात उभी. त्याला नाही म्हणता आलं नाही.

आमच्याकडे मांजर सोडायची रीत आहे. पोत्यात घालून नदीपलीकडे नेतात. मांजर पाण्यात पाय घालत नाही, मग परत कसली येते!

पोत्याचं तोंड आवळताना सरजाबाईच म्हणाली, "लय लांब नका जाऊ. नदीपल्याड सोडून या."

मला फार लागलं ते. जिच्या ओच्यात वाढले, तिनंच असं म्हणावं?

सूर्यभाननं पुलावरून नेऊन मला पलीकडच्या काठावर सोडलं आणि मागे न बघता गेला. पोत्यातून बाहेर आले तर समोर दुधना. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं! बघतच राहिले. मग कळलं, सरजाबाईनं नदीपल्याडच का सांगितलं; घमेल्यातली ठिपकी ती एकटीच विसरली नव्हती. मी उडी मारली.

अलीकडच्या काठावर ती धुणं घेऊन बसली होती. हात थांबलेले, डोळे पाण्यावर. शेळ्यांना पाणी पाजायला आलेले तात्याराव तोंड उघडं ठेवून बघत होते. मी निथळत सरजाबाईच्या ओच्यात शिरले. तात्याराव म्हणाले, "बिबट्याचं आसतं तर रानात गेलं आसतं. हे घराकडं आलंय. ऱ्हाऊ दे."

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही.

इतक्या वर्षांनी यंदा नामांतर झालं, गल्लीत पेढे वाटले. मी मात्र म्हातारी झाले, पेढे वाटताना बघायला माळवदावर चढताही आलं नाही. आता सरजाबाईच मला उचलून घमेल्यात ठेवते. तिचेही केस पिकलेत.

सरजाबाई, मी गेले की पोतं शोधू नको. तुझ्या हातांवर ने, आणि नदीच्या अलीकडंच ठेव.