ओळ सुटली नाही पाहिजे

"हंडा सरकव तुझा! नळ काय तुझ्या बापानं बसवून दिलाय?"

मी धाकटीवर असं खेकसले, पण ती बाई मागं वळूनसुद्धा बघेना. दोन हंडे रांगेत टाकले, "जाऊबाई, तेवढं बघा हं," म्हणाली आणि पळाली घरात, पोरीला वाचायला बसवायला. नळाला पाणी यायचं दिवस कलताना, तासभर. आणि हिची शाळा नेमकी तेव्हाच भरायची. हंडे तिचे, भरायचे मी, आणि रांगेतल्या बायकांच्या शिव्या खायच्या त्याही मीच. हे तीन वर्षं रोज चाललं होतं.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी थोरली जाऊ, ती धाकटी. नवरे आमचे विहिरी खोदणारे, चार-चार दिवस बाहेर. आम्ही दोघी लोकांच्या रानात कांदा खुरपायला जायचो. माझ्या दोन्ही पोरी दहाव्या-अकराव्या वर्षीच माझ्याबरोबर वाफ्यात उतरल्या, आणि वेळ झाली तशा नांदायला गेल्या. त्यांचं कुणी काही विचारलं नाही. धाकटीला एकुलती एक मुलगी. एका जागी पाय ठरेना म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

भिंगरी दुसरीत गेली तेव्हा मास्तरांनी आयांना शाळेत बोलावलं. मास्तर एकटे, वर्ग चार, खोली एक. बिचारे हात जोडून म्हणाले, "मी एकेका पोराकडं बघायला पुरत नाही हो. तुम्ही शिकलेल्या नसाल तरी चालेल. रोज पाव तास लेकराजवळ बसा. त्याला मोठ्यानं वाचायला लावा, ऐका, आणि वहीत एक खूण करा. म्हणजे मला कळेल की घरी वाचन झालं."

बाकीच्या आया "बरं बरं" करून आल्या आणि विसरल्या. धाकटीनं मात्र ते मनावर घेतलं. पण तिला ना काना कळायचा, ना मात्रा. तिला कळायचं खुरपणं. मग तिनं वाचनाचंही खुरपणंच केलं. पोरीनं ओळीच्या एका टोकाला बोट ठेवायचं, तोंडानं बोलत दुसऱ्या टोकाला न्यायचं. ओळ संपली की आई त्या टोकाला ज्वारीचा एक दाणा ठेवणार. पान संपलं की दाणे आणि ओळी जुळवणार. बोट मध्येच उडी मारून गेलं की फटकन हातावर चापट. "ओळ सुटली! मागं ये. गवत मागं ठेवून पुढं गेलं तर मुकादम ऐकून घेतो का?"

पहिल्या आठवड्यात पोर अडखळायची. "आई, हे काय आहे?" म्हणून विचारायची. आईला कुठून येणार? एकदा भिंतीआडून मला धाकटीचा रडका आवाज आला, "मला काय विचारतेस गं! मला आलं असतं तर उन्हात कशाला मेले असते?" त्यानंतर पोर अडखळायची थांबली. घडाघडा वाचायला लागली. धाकटी वाफ्यात सांगत सुटायची, "आमच्या भिंगरीचं वाचन ऐकायला या एकदा. पाण्यासारखं!"

मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेली बाई. जोडाक्षरांत अडकते, पण अक्षरं ओळखते. एका संध्याकाळी तिचे भरलेले हंडे आपटायलाच मी तिच्या दारात गेले. म्हटलं, आज हिची चांगली खरडपट्टी काढते. भिंगरी वाचत होती. तोंडानं चाललं होतं कासवाचं आणि सशाचं. मी वाकून पाहिलं. पान होतं विहिरीचं. चित्रात विहीर, रहाट, पाणी शेंदणारी बाई. कासव नव्हतं, ससा नव्हता. बोट मात्र सरळ रेषेत चाललं होतं, एक ओळ सुटत नव्हती. पोरीनं वर पाहिलं. माझ्याकडं बघतच राहिली. तोंड चालूच होतं.

मला सगळं कळलं. वर्गात पोरं एका सुरात धडे म्हणायची, ते हिनं पाठ केले होते. अक्षर एक ठाऊक नव्हतं.

सांगायला हवं होतं ना? हवंच होतं. दोन शब्दांचं काम होतं, पोर दुसरीत होती, हाताशी वेळ होता. पण धाकटी केवढ्या कौतुकानं दाणे ठेवत होती! म्हटलं, कशाला हिच्या आनंदात माती कालवा. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. माझ्या पोरी चिखलात गेल्या आणि हिची तेवढी बाईसाहेब होणार, हे मला बघवत नव्हतं. ते विहिरीचं पान बघून माझ्या पोटात गार वाटलं. देव मला माफ करणार नाही आणि करूही नये. हंडे ठेवले आणि गुपचूप घरी आले.

पोर चौथीत गेली. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर मोठ्या गावातली राहायची शाळा, आणि तिथं आमच्या गावातून एकाच मुलीला जागा. दीर घरी आला होता, तो बायकोला म्हणाला, "त्या शाळेनं घेतली तर जाऊ दे. नाहीतर खुरपं हातात. घरी बसवून खायला मी काही सावकार नाही." धाकटी हसली. "घेणार म्हणजे घेणारच. माझ्याकडं पुरावा आहे," म्हणाली. तिन्ही वर्षांच्या वह्या तिनं गाठोड्यात बांधल्या. पानापानावर तिची फुली. ताप असतानाची, सणवारातली, एकही दिवस सुटला नव्हता.

वाचन घ्यायला त्या शाळेच्या बाई आल्या. धाकटी मला ओढतच घेऊन गेली. म्हणाली, "जाऊबाई, हंडे तुम्हीच भरलेत, सोहळाही तुम्हीच बघा." मला जायचं नव्हतं, पण गेले.

बाईंनी झोळीतून एक नवंकोरं पुस्तक काढलं. कुणी पाहिलेलं नाही असं. पान उघडून भिंगरीसमोर ठेवलं. "वाच बाळ, घाई नाही."

भिंगरीनं बोट ठेवलं. एकदा आईकडं बघितलं. आणि सुरू केलं, "एका जंगलात एक कासव होतं..."

बाई दचकल्या. मास्तरांनी मान खाली घातली. पोर थांबेना. बोट ओळीवरून चाललं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग खालची ओळ, मग त्याखालची. पान संपेपर्यंत कुणी तिला थांबवलं नाही. धाकटीचं तोंड फुललं होतं. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघितलंत? एक ओळ सुटली नाही."

बाईंनी पुस्तक हळूच मिटलं. "आई," त्या धाकटीला म्हणाल्या, "या पुस्तकात कासव नाही. ही गोष्ट पावसाची आहे."

"पण तिनं वाचलं की."

"तिला वाचता येत नाही हो."

धाकटीनं गाठोडं सोडलं. वह्या टेबलावर पसरल्या. "या बघा फुल्या! रोज बसवलंय मी! मास्तर, सांगा ना यांना, तुम्हीच बघत होता ना वह्या?"

मास्तर वह्यांकडं बघत पुटपुटले, "फुल्या बघूनच तर मी निर्धास्त राहिलो. वाटलं, हिचं घरी चांगलं चाललंय, कच्च्या पोरांकडं बघावं. वर्गात सगळ्यांच्या आवाजात हिचाच आवाज मोठा..." दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं. आईला वाटलं शाळेत वाढलं, शाळेला वाटलं घरी जेवली.

मास्तर म्हणाले, आणखी एक वर्ष ठेवा, मी जीव तोडून शिकवतो. धाकटी तयार होती. दीर तयार नव्हता. "तीन वर्षं तुम्ही दोघांनी मिळून शिकवलंत तेवढं पुरे," म्हणाला. जागा दुसऱ्या कुणाच्या मुलीला गेली. धाकटीनं पोरीला मारलं नाही. त्या दिवसापासून ती पोरीशी नीट बोलतच नाही, जेवायला वाढते आणि भिंतीकडं तोंड करून बसते. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

भिंगरी आता वाफ्यात येते. हात चपळ आहे, मुकादम खूश आहे. पण कामात कुणाशी बोलत नाही. ते बघून मला राहवेना. बाजारातून एक पाटी आणली, पेन्सिल आणली. धाकटी दुसऱ्या रानात कामाला होती असा दिवस बघितला, आणि दुपारची भाकरी झाल्यावर पोरीला बांधावर गाठलं.

"ये गं, बस माझ्याजवळ. रोज थोडं थोडं शिकवते. मला येतात अक्षरं."

तिनं पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तेव्हा येत नव्हती का, मोठी आई?"

"कधी?"

"मी दुसरीत होते. तू हंडे घेऊन दारात आली होतीस. विहिरीचं पान होतं. तू वाकून बघितलंस."

मी पाटी मांडीवर पालथी घातली.

"मला वाटलं, तू आता आईला सांगणार," ती म्हणाली. "मला तेच पाहिजे होतं. मला स्वतःहून सांगायचं धाडस होईना, ती रडली असती. तू सांगितलं असतंस तर मार बसला असता, पण मग कुणीतरी शिकवलं असतं. मी रोज तुझी वाट बघत होते. नळावरून तुझी पावलं वाजली की वाटायचं, आज सांगेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. मुकादमानं हाक दिली. ती उठली, खुरपं घेतलं आणि आपल्या वाफ्यात जाऊन बसली.

संध्याकाळी पाटी पदराखाली घेऊन घरी आले. धाकटी दारात बसून धान्य निवडत होती. पाटीचा कोपरा तिला दिसला.

"पाटी कुणाला, जाऊबाई?"

तोंडापर्यंत सगळं आलं होतं.

"कुणाला नाही," मी म्हटलं, आणि घरात गेले.