मुखपृष्ठावरची आत्या

चिमणीने आजवर चित्रं काढली ती लहान मुलांच्या पुस्तकांची. ससे, फुगे, गुबगुबीत ढग. त्यामुळे प्रकाशकांनी भयकथासंग्रहाचं मुखपृष्ठ सोपवलं, तेव्हा तिने हौसेने हो म्हटलं आणि मग डोक्याला हात लावला.

"भूत फारच गोंडस झालंय हो," प्रकाशक फोनवर म्हणाले. "लेखकांना त्याचा गालगुच्चा घ्यावासा वाटला."

तिने भुताला सुळे लावून पाहिले, तर भूत दात काढून हसायलाच लागलं. ती वैतागून कागद चुरगाळत होती, इतक्यात तिच्या पाठीमागचं दार करकरलं.

दारात आत्या. चार दिवस राहायला आलेली. दुपारची झोप काढून उठली होती. केस चहूबाजूंनी उभे, तोंडावर वाळून तडकलेला लेप, एक डोळा अजून मिटलेला.

"चहा टाकतेस का?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

चिमणी किंचाळली. आणि लगेच ओरडली, "आत्या, हलू नकोस! अशीच उभी राहा!"

"का गं, पाल आहे का अंगावर?"

"नाही, तुझं चित्र काढते."

आत्या खूश झाली. कशासाठी, हे तिने विचारलं नाही आणि चिमणीची सांगायची हिंमत झाली नाही. प्रकाशकांना मात्र चित्र एका फटक्यात पसंत पडलं.

पुस्तक निघालं, तेव्हा आत्या पुन्हा मुक्कामाला होती. चिमणीने आपली प्रत कपाटात लपवली, पण आत्या भाजी आणायला म्हणून गेली आणि पुस्तक घेऊन आली. ते टेबलावर आपटून म्हणाली, "ही मी आहे."

"आत्या, मी सांगणारच होते गं..."

"कधी? मी मेल्यावर? तेव्हा खरं तर जास्त शोभलं असतं!" आणि ती पोट धरून हसत सुटली. चिमणीच्या जिवात जीव आला.

आत्याने पुस्तकाचा फडशा पाडला. पण ती न्हाणीघरात गेली की सोबतीला चिमणीला दाराबाहेर गात उभं राहावं लागे, आणि वाचून झालं की पुस्तकावर उशी पडे.

"तिच्याकडे बघवत नाही गं."

"अगं, ती तूच आहेस!"

"असेन. म्हणून भीती वाटू नये होय?"

एका सकाळी स्वतः लेखक चित्राबद्दल आभार मानायला आले. सडपातळ, अतिशय नम्र गृहस्थ. दार उघडलं आत्याने. नुकतीच न्हाऊन आली होती, केस मोकळे. लेखकांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते दोन पायऱ्या खाली उतरले.

आत्याला कोण आनंद झाला!

"या, या, घाबरू नका," ती म्हणाली. "माझं जेवण झालंय."

मग तिने त्यांना चांगलं दुपारपर्यंत बसवून घेतलं, आणि कुठल्या गोष्टीत भूत उगाच घाई करतं, तेही सांगितलं.